चार मजली नणंद

गल्लीत तिला सगळे ‘हलूनका’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईट वाटत नसे. पासपोर्टचे, परवान्याचे, ओळखपत्राचे फोटो काढणाऱ्या बाईच्या तोंडी दिवसभर दुसरं असतं तरी काय? बसा. हनुवटी जरा खाली. इकडे बघा. हलू नका. झालं, पुढचा.

दुकान म्हणजे एक खोली आणि तिच्या पोटात अर्धी खोली. पुढे काउंटर, आरसा, खिळ्याला दोऱ्याने बांधलेला कंगवा आणि ज्यांना साहेबासारखं दिसायचं असेल त्यांच्यासाठी एक काळा कोट. कोट एकाच मापाचा. बारीक माणसाला तो पाठीमागून चिमट्यांनी आवळायचा, जाड्याला नुसता पुढून पांघरायचा. फोटोत सगळे सारखेच रुबाबदार. आतल्या अर्ध्या खोलीत पांढरा पडदा, फिरतं स्टूल आणि दोन दिवे.

दुकान मुळात नवऱ्याचं. त्याचा हात थरथरायला लागला तेव्हा त्याने कॅमेरा बायकोकडे दिला आणि आपण फोटो कापायच्या यंत्रापाशी जाऊन बसला. “कॅमेऱ्यावर हात हलला तर अख्खा माणूस जातो,” तो गिऱ्हाइकांना सांगायचा, “इथे हलला तर फार तर एक कान.” गिऱ्हाईक नकळत आपला कान चाचपायचं आणि म्हाताऱ्याचा दिवस आनंदात जायचा.

कानांची चेष्टा हलूनकाला चालत नसे. दोन्ही कान दिसले पाहिजेत, चेहऱ्यावर सावली नको, मागे काही नको, हे नियम तिने केलेले नव्हते, पण त्यांच्यापायी परत आलेली माणसं तिने पाहिली होती. उन्हात रांगेत उभं राहून खिडकीपर्यंत पोचायचं आणि आतल्या कारकुनाने फोटो बोटाने मागे सरकवायचा. कानावर केस आलेत. पुढचा. एवढ्याशा कानापायी माणसाचं आयुष्य अडतं, हे तिला माहीत होतं. म्हणून ती कठोर झाली. चिडायची मात्र नाही. चिडलेला माणूस हलतो.

फोनमध्ये कॅमेरे आले आणि लग्नं, बारशी, वाढदिवस दुकानातून निघून गेले. राहिले फक्त सरकारला लागणारे चेहरे. आणि मग भिंती आल्या.

त्याचं असं झालं. एका सकाळी दुकानासमोरच्या बंद छापखान्याच्या भिंतीवर कुणीतरी एक बाई काढून गेलेलं दिसलं. बाई कसली, नुसती पाठ. भिंतीकडे तोंड करून उभी, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. हलूनकाने दारातूनच तिचा एक फोटो काढला, का कोण जाणे. आठवड्याच्या आत पालिकेची माणसं बादली आणि ब्रश घेऊन आली आणि पाठ पुसून गेली. कुणी हूं की चूं केलं नाही. महिन्याने विचारलं तर निम्म्या गल्लीला तिथे काही होतं हेही आठवेना.

हे तिला झोंबलं. “माणूस मेला तर निदान त्याचा फोटो भिंतीवर लागतो,” ती नवऱ्याला म्हणाली. “भिंत मेली तर तिचा कुठे लावायचा?”

“माझ्या डोक्यावर लाव,” नवरा म्हणाला. “जागा मोकळीच आहे.”

तेव्हापासून दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ती कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून निघायची. पुलाखालच्या खांबांवर चढलेली चित्रं, वीजघराच्या भिंतीवरचा गंजक्या रंगाचा हत्ती, नदीकाठी उलटी टांगून ठेवलेली होडी, बागेतलं ते लोखंडी झाड, ज्याला पानांऐवजी जुन्या किल्ल्या लावल्या होत्या. किल्ल्या लोकांनी हळूहळू काढून नेल्या, झाडाची पानगळ झाली, आणि ती पानगळ फक्त हिच्याकडे आहे. शहराने या गोष्टी मांडल्या, त्यांच्यापुढे फिती कापल्या, टाळ्या वाजवल्या आणि पाठ फिरवली. सांभाळल्या या बाईने. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

पण भिंतीचे फोटो ती काढायची ते आपल्या धंद्याच्या रीतीने. ऊन नको, ढगाळ सकाळ हवी, म्हणजे सावली पडत नाही. कॅमेरा बरोबर समोर, बरोबर मध्यावर. भिंतीच्या दोन्ही कडा दिसल्या पाहिजेत. त्यांना ती कानच म्हणायची. आणि भिंतीपुढे काही नको. ती भिंतींचे पासपोर्ट काढत होती.

भिंतीपुढे काही नको म्हणजे कुणी नको. “जरा बाजूला होता का? दोनच मिनिटं.” फळवाला गाडा ढकलायचा. मोची पेटी उचलायचा. भिंतीशी झोपलेला माणूस अंथरूण गुंडाळून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचा आणि तिथून स्वतःच्याच जागेकडे परक्यासारखा बघायचा. कुणी कधी नाही म्हणालं नाही. गाडीचा भोंगा ऐकला की जशी माणसं सरकतात तशी सरकायची. कॅमेऱ्यापुढून बाजूला होणं गरिबाला शिकवावं लागत नाही. ते त्याच्या हाडात आधीच घातलेलं असतं. हलूनकाला त्यात काही वाईट दिसलं नाही. दोनच मिनिटांचा तर प्रश्न.

आता तिची नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण. संसार फार लवकर मोडला, माहेरी परत आली आणि पहिल्याच आठवड्यात भावाला म्हणाली, “दादा, तुझ्या ताटातलं मला जाणार नाही. मला एक मशीन बघून दे.” भावाने पायाने चालवायचं जुनं शिवणयंत्र आणलं, त्याच्या पायांना चाकं बसवली, आणि दुकानाच्या कोपऱ्यावरून वळलं की लागणाऱ्या गोदामाच्या भिंतीखाली तिची जागा झाली. चार मजली भिंत, एकही खिडकी नाही. गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपाला बांधलेली मोठी छत्री, छत्रीखाली मशीन, मशीनमागे नणंद. रोज सकाळी मशीन दुकानाच्या मागच्या दारातून बाहेर ढकलायचं, संध्याकाळी आत. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, रफू, शाळेचे गणवेश, पोट सुटलेल्यांच्या शिलाया उसवून देणं. अर्ध्या वस्तीची मापं तिला तोंडपाठ होती आणि कोण किती सुटलं हे ती चारचौघांत सांगायची.

भावजय-नणंदेचं नातं जसं असायचं तसं होतं. वहिनी, तुझ्या चहात साखर विसरलीस का जीभ विसरलीस. वन्सं, तुमच्या जिभेवरच इतकी साखर आहे, मला वाटलं पुरेल. एकमेकींशिवाय दोघींचा घास खाली उतरत नसे.

मग पालिकेने भिंती रंगवायची योजना काढली आणि गोदामाच्या भिंतीसाठी एक चित्रकार मुलगी पाठवली. डोक्याला फडकं, खिशात ब्रश, वयाच्या मानाने फार गोड बोलणारी. दोन दिवस ती समोरच्या पायरीवर बसून नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “मावशी, मी तुम्हालाच काढणार.”

“मला कशाला?” नणंद म्हणाली. “आमच्या वहिनीला काढ. ती हलत नाही.”

पण मुलीने काढलं नणंदेलाच. वर-खाली होणाऱ्या यांत्रिक पाळण्यात उभी राहून तिने वरून खाली रंगवत आणलं. आधी केसांचा भांग, मग कपाळ, मग नाक. नाक दिसलं तशी नणंद खालून ओरडली, “ए पोरी, हे आमच्या आईचं नाक काढलंस! जन्मभर माझ्या प्रत्येक गोष्टीत खुपसलेलं होतं, आता भिंतीवर पण आणलंस होय?” अख्खा फुटपाथ हसला. मुलगी दुपारी नणंदेच्याच डब्यातलं खायची, तिच्याच छत्रीखाली लवंडायची. रंगाने कडक झालेली तिची विजार नणंदेनेच दोनदा शिवून दिली. शेवटी चित्र भिंतीच्या पायथ्यापर्यंत पोचलं. मशीनवर वाकलेली बाई, हातात निळं कापड, चाकावर उजवा हात, आणि खाली मशीनच्या पायट्यावर उघडे पाय, एकेक पाय होडीएवढा. त्या पायांच्या बरोबर खाली, त्यांच्या अंगठ्याएवढी, खरी नणंद.

म्हातारा काठी टेकत बघायला आला. “लहानपणी डोक्यावर बसायचीस,” तो बहिणीला म्हणाला. “आता चार मजले वर गेलीस. उतरवायची कशी तुला?”

चित्र पुरं झालं, मुलगी निघाली. जाताना हलूनकाला म्हणाली, “काकू, एक चांगला फोटो काढून ठेवाल? पालिकेला पाठवायचाय. तुमच्यासारखा कुणाला जमणार नाही.”

ते खरंच होतं. हलूनका ढगाळ सकाळची वाट बघत राहिली. तशी सकाळ आली तेव्हा समोरच्या इमारतीच्या जिन्यावर चढून तिने तिपाई लावली. दोन्ही कान दिसत होते. उजेड दुधासारखा सपाट. फक्त छत्री चित्राच्या पायांवर येत होती.

“वन्सं, जरा बाजूला होता का? दोनच मिनिटं.”

नणंदेने मान वर केली. “चित्र माझं आणि मीच बाजूला होऊ?”

“छत्री पायांवर येते हो.”

“होते बाई, होते. तुझा फोटो नासायला नको.” आणि तिने छत्री सोडली, मशीन ढकलत कोपऱ्यापलीकडे नेलं, स्टूल नेलं, चिंध्यांचं बोचकं नेलं. फुटपाथ मोकळा झाला. मशीनच्या तेलाचा एक काळा डाग तेवढा उरला, इतक्या वर्षांच्या थेंबाथेंबाने मुरलेला. तो हलूनकाने नंतर संगणकावर पुसला. गिऱ्हाइकाच्या गालावरची पुटकुळी पुसावी तसा, सवयीने. आणि फोटो तसाच जपून ठेवला, डाग असलेली मूळ प्रत मागे न ठेवता.

तिने आयुष्यात काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता. तिने तो आनंदाने दिला. देताना नाव टाका असंही म्हणाली नाही.

पुढे जे झालं ते सांगताना माझा आवाज चढतो, आणि तो मी खाली आणणार नाही. फोटो सगळीकडे गेला. बसथांब्यांवर लागला, पालिकेच्या कॅलेंडरवर आला, आणि सुंदर रस्त्यांच्या कुठल्याशा स्पर्धेत आपल्या शहराचा म्हणून निवडला गेला. आता परीक्षक प्रत्यक्ष रस्ता बघायला येणार होते. म्हणजे रस्ता फोटोसारखा दिसायला हवा. जगात कुठेही फोटो रस्त्याचा काढतात. इथे फोटोवरून रस्ता काढायचा ठरला. आधी जुन्या फरश्या उखडल्या आणि नव्या, राखाडी, गुळगुळीत बसवल्या. तेलाचा डाग ढिगाऱ्यात गेला. मग कोपऱ्यावरचा पाण्याचा नळ काढला, कारण तो फोटोच्या चौकटीत आला नव्हता. मग म्हाताऱ्यांचा बाक काढला. तोही त्या दिवशी हलूनकाने शेजारच्यांना सांगून बाजूला करवला होता.

आणि एका दुपारी पालिकेचा निरीक्षक नणंदेपुढे येऊन उभा राहिला. हातात फोटोची प्लास्टिकमध्ये घातलेली मोठी प्रत.

“बाई, हे उचला इथून. पाहुणे यायच्या आत जागा मोकळी हवी. पुन्हा मांडायचं नाही.”

“का म्हणून? मी इथली आहे. जुनी आहे. जुन्यांना उठवत नाहीत, तुमचाच नियम आहे.”

“जुन्या म्हणजे बसत असल्याचा पुरावा लागतो.” त्याने प्रत पुढे धरली. “आमच्याकडे हा आहे. फुटपाथ रिकामा. तुमचा पुरावा काय?”

नणंदेने फोटोकडे बघितलं. मग त्याच्याकडे, खालपर्यंत. “माझा पुरावा तू घालून फिरतोयस की.”

“काय?”

“गेल्या हिवाळ्यात पँटची चेन तुटली म्हणून फाईल पुढे धरून कोण आलं होतं इथे? याच छत्रीखाली उभा होतास. मी इथे बसत नाही तर ती चेन काय चिमणीने बसवली? दाखव सगळ्यांना, दाखव पुरावा.”

फळवाला इतका हसला की त्याला गाडा धरावा लागला. निरीक्षक कानापर्यंत लाल झाला. माणूस वाईट नसावा; वाईट माणूस लाल होत नाही. पण तो एवढंच म्हणाला, “वरून आलंय, मावशी. माझ्या हातात काही नाही,” आणि ज्या हातात काही नव्हतं त्याच हाताने फोटो काखेत मारून निघून गेला.

संध्याकाळी नणंदेने मशीन आत ढकललं, घाम पुसला आणि भावजयीकडे न बघता म्हणाली, “फोटो मात्र झकास आला हं, वहिनी.”

एवढंच. त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून हलूनका संगणकापुढे बसली. त्या भिंतीचे तिच्याकडे कितीतरी फोटो होते. मुलीच्या चित्राआधी तिथे पोपडे धरलेला कोंबडा होता, त्याआधी साबणाची जाहिरात, त्याआधी नुसती ओल, तिच्यात ढगांसारखे आकार. प्रत्येक अवतार तिने टिपला होता. प्रत्येक फोटोत दोन्ही कान दिसत होते, सावली नव्हती, आणि पुढे कुणी नव्हतं. पाइपाला बांधलेल्या दोरीचा तुकडासुद्धा कुठे नव्हता. तीही तिनेच सोडायला लावली होती.

नवरा मागे येऊन उभा राहिला. एकेक फोटो बघत गेला. “अगं,” तो म्हणाला, “माझी बहीण कुठे आहे यात?”

यावर त्याने विनोद केला नाही.

नणंदेचा फोटो दुकानात एकच निघाला, ओळखपत्रासाठी काढलेला. हनुवटी खाली, दोन्ही कान स्पष्ट, मागे पांढरा पडदा. त्या पडद्यापुढे बसलेला माणूस कुठलाही असू शकतो. त्याला जागा नसते. हलूनकाने जन्मभर हजारो माणसांना तसं बसवलं होतं आणि त्यात आपण त्यांचं भलं करतोय असं तिला वाटत होतं, आणि तसं ते होतंही. पण खिडकीवरच्या कारकुनाला जी रीत लागते ती रीत घेऊन ती रस्त्यावर गेली होती, आणि आता रस्त्यालाच खिडकी बसली होती.

तिने चित्रकार मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या शहरात दुसऱ्या भिंतीवर होती. “काकू, किती वाईट आहे हे,” ती म्हणाली. आवाज खरंच रडवेला होता. “तुम्ही आवाज उठवा, मी लिहिते त्यावर.” मागून पाळण्याचं यंत्र घरघरलं आणि फोन तुटला. तिने काही लिहिलं असेल तर ते आमच्यापर्यंत पोचलं नाही.

मग हलूनका पालिकेत गेली. सुशोभीकरणाच्या साहेबांच्या खुर्चीमागे तिचाच फोटो टांगलेला, चौकटीत, भिंतभर. साहेब उठून उभे राहिले. इतका मान तिला कुठल्याच कचेरीत मिळाला नव्हता.

“या, या. या फोटोने शहराचं नाव काढलं बघा.”

“साहेब, ती बाई खरी आहे.”

“कुठली बाई?”

“तुमच्या डोक्यामागची.”

साहेबांनी वळून बघितलं. “हां! अप्रतिम. श्रमाचं प्रतीक आहे ते.”

“प्रतीक नाही, नणंद आहे माझी.”

“अरे वा! मग तर तुम्हाला अभिमान वाटायला हवा.”

“ती त्या भिंतीखालीच बसते. तुमचा माणूस तिला उठवतोय.”

साहेबांनी परत फोटोकडे बघितलं, शांतपणे, डॉक्टर बघतो तसं. “यात तर कुणी नाही.”

“मीच बाजूला केलं होतं. फोटोपुरतं.”

“बघा,” साहेब हसले, आणि त्या हसण्यात खरोखर काही कपट नव्हतं, हेच मला सहन होत नाही. “म्हणजे तुम्हालाही वाटलंच ना, त्या नसल्या की जास्त चांगलं दिसतं?”

हलूनकाने तोंड उघडलं. साहेबांनी चहा मागवला आणि पाहुणे येतील त्या दिवशीचे अधिकृत फोटो तुम्हीच काढा म्हणाले. एवढा मान दुसऱ्या कुणाला देणं बरं दिसणार नाही, असंही म्हणाले. तिने चहाला हात लावला नाही. उठताना म्हणाली, “येईन.”

घरी सांगितलं तेव्हा नणंदेने सुई दातांत धरली होती. ती काढून म्हणाली, “जा की. तुला बोलावलंय. मला कुणी बोलावलंय? मला टांगलंय.”

“तुम्ही रोजच्यासारखं मशीन काढायचं, वन्सं.”

“आणि उचलून नेलं तर? मशीन गेलं तर मी काय करू? तुझ्या पडद्यापुढे बसून राहू?”

“मी ढकलायला येईन बरोबर.”

नणंदेने तिच्याकडे नीट बघितलं, कापड पारखावं तसं. “दादा,” तिने भावाला हाक मारली, “तुझ्या बायकोला ताप आहे का बघ रे.”

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी ढग होते. अगदी हवे तसे. दोघींनी मशीन ढकलत भिंतीखाली आणलं, छत्री पाइपाला बांधली, आणि नणंद एक निळी शाळेची विजार घेऊन बसली. निरीक्षक धावत आला. हलूनकाने अधिकृत फोटोंसाठी मिळालेलं, गळ्यातलं पालिकेचं ओळखपत्र दाखवलं आणि म्हणाली, “माझी मांडणी आहे. फोटोसाठी.” तो गोंधळला. फोटोसाठी म्हटलं की सगळे गोंधळतात.

पाहुणे आले, साहेब आले, त्यांच्यामागे फुलांचे गुच्छ आणि छत्र्या धरणारी माणसं आली. सगळे चित्राच्या पायांपुढे ओळीत उभे राहिले, मशीनच्या पुढे, मशीन झाकून. साहेबांची नजर मागे गेली आणि त्यांचं हसू तसंच राहून फक्त आवाज बदलला. “या बाईंना जरा बाजूला घ्या. दोनच मिनिटं.”

आणि नणंद उठली. वाघासारखी बाई, निरीक्षकाची चेन चव्हाट्यावर आणणारी. पण दोन मिनिटं ऐकल्याबरोबर तिचे हात आपोआप मशीनच्या दांड्याकडे गेले. ते हात तसे कुणी केले? मी सांगत नाही. ज्याने त्याने आठवून बघावं.

“वन्सं, बसा,” तिपाईमागून हलूनका म्हणाली. “हलू नका.”

नणंद बसली.

“साहेब,” हलूनका तशाच धंद्याच्या आवाजात म्हणाली, “तुम्ही जरा बाजूला होता का? आणि पाहुण्यांनाही सांगा. मशीन दिसत नाहीये.”

कुणी हललं नाही. त्यांना कळलंच नाही की हे आपल्याला म्हटलंय. हे वाक्य त्यांनी आयुष्यात खूपदा ऐकलं होतं, पण दुसऱ्यांना म्हटलेलं. एक म्हातारी परीक्षक तेवढी दोन पावलं सरकली, वळली, आणि मशीनवरच्या नणंदेकडे, मग भिंतीवरच्या नणंदेकडे बघून मोठ्याने म्हणाली, “अहो, ह्याच आहेत की या! नाक तेवढं वेगळं आहे.”

“नाक आईचं आहे,” नणंद म्हणाली.

साहेब हसत हसत हलूनकापाशी आले आणि ओठ न हलवता म्हणाले, “बाई, तुम्ही फोटो काढताय की नाही?”

“काढतेय ना. तुम्ही सावली पाडताय.”

तिने काढला. पुसलेलं काही नाही, सरकवलेलं काही नाही. छत्री चित्राच्या पायांवर येत होती, एका पाहुण्याचा खांदा मध्येच घुसला होता, भिंतीचा एक कान कापला गेला होता. खिडकीवरून हमखास परत आला असता असा फोटो. साहेबांनी मग आपल्या शिपायाच्या हातात फोन दिला आणि वर बोट दाखवलं. शिपायाने फोन उंच धरला, आणखी उंच, इतका की खालचं काही येऊ नये.

तोच फोटो आता चौकातल्या मोठ्या फलकावर आहे. बक्षीस मिळालं. नणंदेला टाळायचं म्हणून त्यांना चित्राचे पाय कापावे लागले, पायटा कापावा लागला, मशीनचं चाक अर्धं गेलं. चार मजली बाई कंबरेपासून वर हवेत तरंगते आहे आणि कशावर शिवते आहे कळत नाही. श्रमाचं प्रतीक. येणारे-जाणारे मान वर करून बघतात, सुंदर म्हणतात. मला त्या फलकाखालून जाताना दगड उचलावासा वाटतो.

नणंद अजून तिथेच बसते. जिंकली म्हणून नाही. पाहुणे गेले, फोटो मिळाला, आता कुणाला घाई नाही इतकंच. निरीक्षक अधूनमधून येतो, उठावं लागेल हं मावशी म्हणतो; ती चेन कशी आहे विचारते; तो जातो. उद्या कुणी न लाजणारा आला तर काय, हे दोघींना माहीत आहे आणि दोघी ते बोलत नाहीत.

हलूनका सुट्टीच्या सकाळी अजून भिंतींकडे जाते. आता कुणाला बाजूला व्हा म्हणत नाही. तिच्या फोटोंत फळांच्या गाड्या येतात, मोचीची पेटी येते, अंथरुणातून निघालेले पाय येतात; हत्ती निम्माच दिसतो. म्हातारा संगणकावर बघतो आणि म्हणतो, “अगं, हे सगळे परत पाठवतील.”

“पाठवू देत,” ती म्हणते.

परवा नणंद मशीनला तेल घालत होती. एक थेंब पायट्यावरून ओघळून नव्या, गुळगुळीत, राखाडी फरशीवर पडला. नणंद फडकं घेऊन पुसायला वाकली.

“राहू द्या, वन्सं,” हलूनका म्हणाली, आणि दुकानातून कॅमेरा आणायला गेली.